व्याह्यांचा चाकू

धोंडीरामांसमोर कुणी नवी वस्तू आणून ठेवली की घरातली माणसं आधी देवाचं नाव घेत. नवा मिक्सर असो, शेजाऱ्यांची नवी गाडी असो, नाहीतर कुणाच्या वास्तुशांतीचं नवंकोरं घर असो! धोंडीराम आधी लांबून बघणार, मग जवळ जाणार, मग बोट लावून हलवणार आणि म्हणणार, "हलतंय." खल्लास! समोरच्याचं तोंड एवढंसं झालंच म्हणून समजा.

आता यात त्यांचा दोष होता का? होता की! नाही कशाला म्हणायचं? पण माणसाने उभी हयात सातपूरच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलामागे काढली होती, हेही ध्यानात घ्या. खोट दिसली की तो नग लाल ट्रेमध्ये टाकायचा आणि का टाकला ते खणखणीत आवाजात सांगायचं, मग समोर मॅनेजर उभा असो की मालक. आणि चांगल्या मालाबद्दल? एक अक्षर नाही. दोन बोटं लावून तो नग पुढे सरकवायचा, बस्स. कारखाना सुटला, टेबल सुटलं, पण ती दोन बोटं काही सुटली नाहीत. वेदिकाने, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक लेकीने, दहावीचा निकाल आणून दाखवला तेव्हा आख्खी गल्ली पेढे मागत होती. पप्पांनी चष्मा लावून तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि दोन बोटांनी तिच्याकडे परत सरकवला. पोरगी घरभर नाचली! तिला त्याचा अर्थ ठाऊक होता.

पण बाहेरच्यांना कुठला ठाऊक असायला? वेदिकाला स्थळं बघायला लागल्यापासून लताबाईंच्या जिवाला घोर लागला होता. एका घरी चहा घेता घेता धोंडीराम उठले आणि दाराची बिजागरी उलटी बसवलीय म्हणून मुलाच्या काकांना दारापाशी घेऊन गेले. ते काका बिल्डर निघाले! दुसऱ्या घरी त्यांनी सोफ्याखाली डोकं घातलं. तिसरीकडची कथा तर सांगण्यासारखी नाही, तिथे त्यांनी मुलाच्या आजोबांची कवळी सैल आहे असं सांगितलं. स्थळं गेली, एकामागोमाग एक गेली.

म्हणून वेदिकाने जेव्हा स्वतःच अमोलचं नाव घरात सांगितलं, तेव्हा त्याच दमात पप्पांसमोर हातही जोडले. "पप्पा, मला हाच मुलगा हवाय. लग्न लागेपर्यंत त्यांच्या कुठल्याही वस्तूला नाव ठेवायचं नाही. शपथ घ्या." लेकीचे डोळे भरलेले. धोंडीरामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. लताबाईंनी त्या शपथेला वर आपलं एक वाक्य जोडलं, "मोडलीत तर मी माहेरी नांदगावला, आणि तुम्ही जेवा तुमच्या हाताने!"

अमोलचे वडील शेखरराव वणीचे, द्राक्षांचे बागायतदार. माणूस दिलखुलास, आवाज मोठा, आणि नव्या वस्तूंचा भारी नाद. मोबाइलवर काही नवं दिसलं की मागव! साखरपुड्याच्या आधीच्या आठवड्यात ते बोलणी करायला सातपूरला आले. उजव्या हाताच्या बोटाला भली मोठी पट्टी बांधलेली. "काय झालं?" विचारलं तर म्हणाले, "काय नाय हो, द्राक्षाच्या कात्रीनं जरा चाटलं." आणि लगेच पिशवीतून एक काळी पेटी काढली. आत मखमल. मखमलीवर घडीचा चाकू!

"व्याही, खास तुमच्यासाठी! परदेशी हाय. तुम्ही हत्यारातले दर्दी, म्हणलं तुम्हाला द्यायचं तर असंच कायतरी द्यायचं. किंमत इचारू नका, पण सांगतोच, एवढ्यात चांगला फ्रीज आला असता!"

आणि ते चाकू सरळ धोंडीरामांच्या हातात द्यायला निघाले. लताबाई स्वयंपाकघरातून धावतच आल्या, "अगं बाई, हातात नका देऊ! हातात चाकू दिला की वैर येतं. टेबलावर ठेवा, हे उचलून घेतील." शेखररावांनी तो टेबलावर ठेवला. धोंडीरामांनी उचलला.

काय दिसत होता म्हणून सांगू! निळसर पातं, अक्रोडाच्या लाकडाची मूठ, तिच्यात पितळेची नक्षी. धोंडीरामांचे डोळे लहान मुलासारखे लकाकले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हत्यारांवर काम केलेला माणूस तो, असलं देखणं हत्यार स्वतःचं असं कधी मिळालंच नव्हतं. त्यांनी अंगठ्याने पातं उघडलं. खट्! आवाज झाला. आणि धोंडीरामांच्या काळजातही तसंच काहीतरी झालं.

पातं हलत होतं. मिटवून बघितलं तर ते मुठीच्या खाचेत मधोमध नाही, डाव्या बाजूला घासत बसलेलं. पुन्हा उघडलं, चिमटीत धरलं. डुगडुग, डुगडुग! "ह..." एवढंच त्यांच्या तोंडातून बाहेर पडलं आणि दारात उभ्या असलेल्या वेदिकाशी त्यांची नजरानजर झाली.

"ह?" शेखररावांनी उत्सुकतेने विचारलं.

"ह... हत्यार छान आहे," धोंडीराम म्हणाले. असं खोटं बोलायची सवय नव्हती, कपाळावर घाम आला.

शेखरराव खूश! "मग ठरलं! साखरपुड्याला पोरांनी केक कापायचा तो ह्याच चाकूनं! फोटोत कसा झळकंल बघा!"

ते गेले मात्र, आणि धोंडीराम चाकू घेऊन खिडकीपाशी बसले. पात्याची पाठ त्यांनी खिडकीच्या कडेवर हलकेच आपटली. तो खटका, ज्याने पातं जागच्या जागी धरून ठेवायचं, तो सुटला आणि पातं फाडकन मिटलं! बोट थोडक्यात वाचलं. अरे देवा! नुसता सैल नव्हे, हा तर दगाबाज निघाला. एवढी मखमल, एवढी नक्षी, आणि जो भाग माणसाची बोटं सांभाळतो तोच कच्चा! धोंडीरामांना राग आला, खरा राग, कुणीतरी आपल्याला फसवल्यासारखा. बनवणाऱ्याने हा नग टेबलावरून पुढे जाऊ दिलाच कसा? कोण बसलं होतं तिथे?

मग सुरू झाली झटापट! चाकूच्या स्क्रूचं डोकं चांदणीच्या आकाराचं, घरातला एकही पेचकस लागेना. भद्रकालीतल्या हार्डवेअरच्या दुकानातून त्यांनी लागणारा पेचकस शोधून आणला. स्क्रू घट्ट केला तर पातं उघडेना. सैल केला तर डुगडुगतंय कसलं, थयथय नाचायला लागलं! मधलं काही नाहीच. आणि खटका तर दोन्ही वेळा तसाच बेभरवशाचा.

"लता, अगं हा चाकू पोरीच्या हातात द्यायचा नाही," ते कळवळून म्हणाले.

"झालं का सुरू?" लताबाईंनी लाटणं खाली ठेवलं. "केक कापायचाय, ऊस तोडायचा नाहीये! शपथ आठवते ना?"

आता या बाईला कसं समजवायचं? माणूस खरं बोलला तर लेकीचं लग्न मोडतंय, आणि गप्प बसला तर लेकीचं बोट! धोंडीरामांनी मग स्वतःपुरता एक मार्ग काढला. साखरपुड्याच्या सकाळी चाकू तूरडाळीच्या डब्यात खुपसून ठेवला, आणि हॉलवर पोहोचल्यावर 'अरेच्चा, घरी राहिला की!' म्हणायची घोकंपट्टी केली.

हॉल गंगापूर रोडला. काय तो थाट! वणीकडची फेट्यांची रांग, सातपूरची कारखान्यातली जुनी मंडळी, स्टेजवर फुलांची कमान, साखरेचे पुडे झाले, अंगठ्या झाल्या, टाळ्या झाल्या. वेदिका मोरपंखी पैठणीत अशी काही दिसत होती की धोंडीरामांना तिच्याकडे बघवेना. आणि मग आला केक. तीन मजली!

"व्याही, आपला चाकू!" शेखररावांनी आवाज दिला.

"अरेच्चा," धोंडीराम पाठ केलेलं म्हणाले, "घरी राहिला की!"

"नाही नाही, मी आणलाय!" लताबाई पर्स उघडत लगबगीने पुढे आल्या. "डाळ काढायला गेले तर डब्यात! यांचं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं हो." आणि व्याह्यांचं मन राखल्याच्या आनंदात त्यांनी तो चाकू केकशेजारी ठेवला. मुठीच्या खाचेत डाळीचे दोन दाणे अडकलेले.

अमोलने चाकू उघडला. वेदिकाने मुठीवर हात ठेवला, तिच्या हातावर अमोलने. फोटोग्राफर ओरडला, "असं नाही, उभा धरा! टोक खाली, वरून दाबा, फोटो मस्त येतो!"

वरून दाबा! धोंडीरामांच्या डोळ्यांसमोर पुढचं सगळं आलं. टोक खालच्या पुठ्ठ्याला टेकणार, खटका सुटणार, पातं मिटणार, आणि मुठीवर सगळ्यात खाली कुणाची बोटं होती? वेदिकाची!

"थांबा!" हॉल दणाणला. सनई वाजत होती ती कुणीतरी घाबरून बंदच केली. "सोडा तो चाकू! खटका कच्चा आहे त्याचा! बोटं जातील पोरीची!"

सगळ्या माना धोंडीरामांकडे वळल्या. एकाची सोडून. अमोलने कोण ओरडलं हे बघितलंसुद्धा नाही. आधी त्याने वेदिकाचा हात झटक्यात बाजूला काढून आपल्या पाठीमागे नेला, आणि मग दुसऱ्या हातातला चाकू खाली ठेवायला गेला. टोक टेबलाला लागलं मात्र, पातं फाडकन मिटलं आणि त्याच्या शेरवानीच्या बाहीची कड कचकन चिरली गेली. धोंडीरामांनी हे बघितलं. बघायचं तर त्यांचं कामच होतं.

हॉलमध्ये अशी शांतता की पंख्यांचा आवाज ऐकू येईना... छे, तेवढाच ऐकू येत होता! लताबाई मटकन खुर्चीत बसल्या. वेदिकाचा चेहरा पांढराफटक. धोंडीरामांना वाटलं, संपलं. लेकीची शपथ मोडली, तीही भर मांडवात, व्याह्यांच्या भेटीला नाव ठेवून. पण माघार? नाव नको! ते सरळ शेखररावांसमोर जाऊन उभे राहिले.

"व्याही, माफ करा. तुम्ही फार प्रेमाने दिलात. पण वस्तू वाईट आहे. दिसायला राजा, आणि आतून भुसा."

शेखररावांचा चेहरा त्यांच्या लाल फेट्याच्या रंगाचा झाला. मिशी थरथरली. मग काय झालं असेल? त्यांनी खिशात हात घातला आणि बाहेर काढला चाकू. हुबेहूब तसाच दुसरा!

"दोन घेतले होते," ते खालच्या आवाजात म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच बहुतेक. मग बोटावरची पट्टी वर करून दाखवली. "ही कात्रीनं नाय लागली. ह्यानंच चावा घेतला, पहिल्याच दिवशी! मला वाटलं मलाच वापरता येत नाय. आख्ख्या वणीत छाती फुगवून दाखवलेला, आता कोणत्या तोंडानं सांगू? म्हणलं तुमचा तरी चांगला निघंल."

"दाखवा!" धोंडीराम म्हणाले.

"हा घ्या. तो द्या इकडं!"

"अहो, हातात नका देऊ..." लताबाई क्षीण आवाजात म्हणाल्या, पण ऐकतंय कोण? दोघे व्याही स्टेजच्या कडेवर मांडी घालून बसले होते. इकडचा चाकू तिकडे, तिकडचा इकडे, हातातून हातात, पोह्यांच्या बशा फिराव्यात तसे! धोंडीरामांनी खिशातून तो चांदणीचा पेचकस काढला. साखरपुड्याला पेचकस! "हे बघा, इथे वॉशर एकाच बाजूला टाकलाय!" "आयला, माझ्यात तर एक बी नाय!" "आणि ही आतली पट्टी खटक्यापर्यंत पोहोचतच नाही!" "लुटलं की हो लेकांनी!" दोघे एवढ्या जोशात ओरडत होते की वणीची फेटेवाली मंडळी एकेक करून भोवती गोळा झाली, आणि हॉलमध्ये हशा पसरला. लताबाईंनी डोळे मिटून नांदगावची एसटी मनातल्या मनात रद्द केली.

शेखरराव उठले, धोतराची धूळ झटकली आणि एकाएकी गंभीर झाले.

"व्याही, माझ्या तोंडावर खरं बोलणारा माणूस मला आजवर भेटला नाय. आता मालाचं झालं. आमच्या पोराचं काय? हाय का खोट? सगळ्यांसमोर सांगा, आपल्याला चालंल."

हशा थांबला. वेदिका पप्पांच्या तोंडाकडे बघत नव्हती, हाताकडे बघत होती.

धोंडीरामांनी अमोलकडे आधी लांबून बघितलं. मग ते जवळ गेले. चिरलेली बाही बोटांनी चाचपली, तिची कड नीट आत दुमडली. पोरगा घामाघूम, पण जागचा हलला नाही. मग धोंडीराम त्याच्या मागे गेले, पाठीवर दोन बोटं टेकवली आणि त्याला अलगद वेदिकाकडे पुढे सरकवलं.

"म्हणजे काय?" शेखररावांना काही उमगेना. "व्याही, बोला की कायतरी!"

वेदिकाला हुंदका आवरेना आणि हसूही आवरेना. काजळ गालावर उतरलेलं, तशीच ती शेखररावांना म्हणाली, "बोलले ते, बाबा. बोलले."