निळी चमकलेली पन्नासची नोट

दिव्याखाली पाच नोटा काळपट राहिल्या. सहावी निळी लखलखली.

"झालं," मी म्हणाले. "ही खोटी आहे."

केतनभाई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. ते आमच्या कंपनीचे मालक. तारापूर एमआयडीसीतल्या आमच्या प्लांटचं क्यूसी, म्हणजे मालाची तपासणी, मी कित्येक वर्षं सांभाळते आहे. केतनभाईंना परदेशी नोटा जमवायचा नाद. त्यातही नव्यानं स्वतंत्र झालेल्या देशांच्या अगदी पहिल्या नोटा. त्या दिवसांत स्लोव्हेनिया चालू होतं. तो देश युगोस्लाव्हियातून बाहेर पडला, तेव्हाच्या या तात्पुरत्या नोटा. पुढे डोंगर, मागे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी, आणि गंमत म्हणजे नुसता आकडा. चलनाचं नावच नाही. छापल्या तेव्हा ते ठरलं नव्हतं.

एक, दोन, पाच, दहा, पन्नास आणि शंभर असा संच त्यांनी जवळच्या दांडी गावातल्या एका निवृत्त खलाशाकडून घेतला होता. पैसे देऊनही झाले होते. मग घरी गेल्यावर पन्नासची जरा जास्तच पांढरी वाटली, म्हणून सगळ्या नोटा माझ्या टेबलावर आल्या.

माझी खात्री कशावरून, ते सांगते. आमच्या प्लांटमध्ये ऑप्टिकल ब्राइटनर बनतं. ही एक पिवळट पावडर. आपल्याला न दिसणारे यूव्ही किरण ती शोषते आणि निळा उजेड बाहेर टाकते. त्यामुळे पांढरी वस्तू आणखी पांढरी दिसते. झेरॉक्सच्या कागदात ती असते. नोटांच्या कागदात सहसा नसते. म्हणून यूव्ही दिव्याखाली खरी नोट काळपट दिसते आणि साध्या कागदावरची नक्कल चमकते. हा दिवा मी रोज वापरते. मला शंका नव्हती.

केतनभाईंनी तिथूनच फोन लावला. "तांडेल, आप अभी के अभी इधर आओ."

तासाभरात हरेश्वर तांडेल आले. उंच माणूस, पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट. सोबत त्यांची बायको. ती बोईसरच्या बाजारात मासळी विकते. टोपली शेजारणीकडे ठेवून तशीच आली होती. मी खुर्च्या दिल्या. दोघंही बसली नाहीत.

"शेठ, आमचं जहाज तिकडच्या कोपर बंदराला लागलेलं," तांडेल म्हणाले. "देश नवा, नोटा नव्या. दुकानदारानं मोड म्हणून ह्याच दिल्या. दर बंदराची थोडी मोड ठेवायची, ही माजी सवय. नोटा छापायला मी काय दांडीत प्रेस घातलाय?"

"मग ही एकच का चमकते?" केतनभाईंनी विचारलं.

"ते मला मायीत नाय. पण नोट माजीच हाय."

"नोटा जमवणाऱ्यांचा आमचा ग्रुप आहे. तिथे तुमचं नाव टाकतो. नंतर पोलीस."

तांडेलांच्या बायकोनं नवऱ्याचा दंड धरला. तांडेल माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमी तपासली ना? तुमी सांगा."

"दिवा खोटं सांगत नाही, काका. या, दाखवते."

मी दिवा पुन्हा लावला. नोट उचलायला तांडेलांनी हात पुढे केला आणि त्यांच्या शर्टाची बाही दिव्याखाली आली. बाही निळी पेटली. अगदी त्या नोटेसारखी.

मी नोट त्यांच्या बाहीशेजारी धरून पाहिली. मग विचारलं, "काकी, हा शर्ट कशानं धुता?"

"पावडरनं. आनखी कशानं धुनार?"

"आणि नोट?"

काकींनी पदर तोंडाला लावला. तांडेलांनी सावकाश मान वळवली.

"तिच्यावर इंजिनाचं तेल सांडलेलं," काकी म्हणाल्या. "बाकीच्या साफ होत्या. शेठला द्यायची, म्हनून जरा भिजत घातली."

"तू नोट धुतलीस? मला न सांगता?"

"सांगितलं असतं तर धुवू दिली असती?"

मला हसू आलं नाही. आमचा निम्मा माल कपडे धुण्याच्या पावडरीत जातो. प्रत्येक बॅचच्या सर्टिफिकेटवर माझी सही असते. तरी मला फक्त कागदच आठवला होता.

पण अंदाजावर मी आधीच एकदा घसरले होते. म्हणून फिल्टर पेपरची एक पट्टी घेतली. या कागदात ब्राइटनर नसतं. दिव्याखाली ती काळपट दिसते, हे आधी सगळ्यांना दाखवलं. मग ती धुण्याच्या पावडरीच्या पाण्यात भिजवली, तीनदा खळबळून काढली, ओव्हनमध्ये वाळवली. पट्टी निळी चमकली. नंतर पन्नासची नोट मायक्रोस्कोपखाली धरली. प्रिंटरच्या नकलेत रंगाचे बारीक ठिपके दिसतात. इथे सलग, स्वच्छ रेषा होत्या, शेजारच्या शंभरच्या नोटेसारख्याच. हे मी सर्वात आधी करायला हवं होतं.

"नोट खरी आहे," मी म्हणाले. "चूक माझी. काका, काकी, मला माफ करा."

केतनभाईंनी घसा साफ केला. "ठीक आहे, असली आहे. पण धुतलेली नोट कलेक्टर घेत नाहीत. हिचा भाव कमी होणार, तांडेल."

"कमी कशाला? सगळाच परत घ्या." तांडेलांनी खिशातून तिचे पैसे काढून टेबलावर ठेवले, पन्नासची नोट उचलली आणि वरच्या खिशात घातली. "बाकीच्या ऱ्हाऊ द्या. तुमचा व्यवहार झालाय. ही घरी जाते."

दोघं निघून गेली. काकी दारातून परत वळून मला म्हणाल्या, "तुमी चुकलं म्हनालात, ते बरं केलंत." मालकांकडे त्यांनी पाहिलं नाही.

आठवड्यानं केतनभाई स्वतः दांडीला जाऊन आले. माफी मागितली, दुप्पट भाव सांगितला. तांडेलांनी चहा पाजला, निघताना सुके बोंबील बांधून दिले. नोट दिली नाही. संच अजून अपुरा आहे. केतनभाई आता प्रत्येक नोट पैसे देण्याआधी माझ्याकडे पाठवतात. कच्च्या मालाबाबत हेच मी परचेसवाल्यांना इतकी वर्षं सांगत होते.

आणि चमकायला नको असलेला नमुना निळा चमकला, की मी रिपोर्ट लिहिण्याआधी आणणाऱ्याला विचारते, "धुतलाय का?" नवे केमिस्ट हसतात. हसू देत. तपासणीचा सगळ्यात स्वस्त प्रश्न आहे तो.