मस्ट हॅवचं वाक्य

नवी पेठेत कापडाच्या एका दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत मी बायकांना इंग्रजी बोलायला शिकवते. शाळेतून निवृत्त झाल्यावर सुरू केलेला हा क्लास. वेळ दुपारची, कारण तेव्हा बाजार थोडा थंडावतो आणि बायकांनाही घरातून निघता येतं. तिथं येणाऱ्या बहुतेकींची मराठी ही दुसरी भाषा. कुणी घरी कानडी बोलते, कुणी दखनी, कुणी तेलुगू. त्यामुळं इंग्रजीचा धसका असा कुणी घेत नाही; आणखी एक भाषा, एवढंच.

मागच्या वर्षी त्यांच्यात मायलेकी होत्या, विणकरांच्या तेलुगू घरातल्या. लेक बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिला पुण्यात नोकरी हवी होती. आई अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवायची. सकाळची पाळी संपवून थेट क्लासला यायची, केसांत सुताचे तंतू तसेच अडकलेले. लेकीनंच तिला आणली होती. अम्मा घरी भिंतीकडं बघत बसते, हितं चार माणसांत तरी बसेल, असं ती मला पहिल्या दिवशी म्हणाली होती.

वडिलांचं काय झालं ते मला वर्गातल्याच दुसऱ्या एका बाईकडून कळलं. लेक चौथीत असताना तो भिवंडीला लूमवर कामाला म्हणून गेला. सुरुवातीला फोन यायचे, मग फोनच बंद लागायला लागला. धाकटा दीर भिवंडीला जाऊन आला आणि पत्ता लागत नाही म्हणाला. पोलिसांत तक्रार झाली. पुढं काही नाही. आई कुंकू लावत राहिली, मंगळसूत्र गळ्यात राहिलं आणि सासू म्हणत राहिली की माझा मुलगा येणार.

त्या आठवड्यात मी कॅन, मे, मस्ट, शुड शिकवत होते. मराठीत माणूस बघून क्रियापद बदलतं : तो जातो, ती जाते, ते जातात. इंग्रजीत आधी हा छोटा शब्द ठेवला की पुढचं 'गो' कुणासाठीही हलत नाही. ही कॅन गो, शी कॅन गो, दे कॅन गो. बायकांना ते फार आवडलं. हे बरंय की, बाई का पुरुष काही बघतच न्हाय, असं एकजण म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी होऊन गेलेल्या गोष्टींकडं वळले. 'मस्ट'च्या पुढं 'हॅव' आणि मग क्रियापदाचं तिसरं रूप. आपण डोळ्यांनी पाहिलेलं नसतं, पण सगळ्या खुणा तेच सांगत असतात, तेव्हा असं बोलायचं. रस्ता ओला दिसतोय, म्हणजे 'इट मस्ट हॅव रेन्ड', पाऊस पडला असणार. 'मे हॅव' म्हटलं की खात्री कमी. पडला असेल, नसेलही. मग मी प्रत्येकीला एकेक वाक्य करायला सांगितलं. एकीची बस गेली असणार होती. एकीच्या सासूनं लपवून लाडू खाल्ला असणार होता, त्यावर सगळ्या हसल्या. हसणं अजून चालू होतं तेवढ्यात आईची पाळी आली.

ती उभी राहिली. वाक्य मनात जुळवायला तिला नेहमी वेळ लागायचा, तसा लागला. मग शाळेतल्या मुलीसारखं, शब्द तोडून, ती म्हणाली, "माय हज्बंड मस्ट हॅव डाइड."

लाडूवाली तोंडावर हात ठेवून हसत होती. तिचा हात तिथंच राहिला. मी फळ्याशी उभी होते आणि मार्करचं टोपण कधी खाली पडलं मला कळलं नाही. इतकी वर्षं मी हे रूप शिकवलं होतं, रिकाम्या जागा भरा म्हणून. कुणी असलं काही भरेल असं माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

लेक शेजारीच बसलेली. ती आईला तेलुगूत काहीतरी हळू बोलली. आईनं तिच्याकडं बघितलं नाही. तेव्हा लेक माझ्याकडं वळली आणि इंग्रजीतच म्हणाली, "ही मे कम, मॅडम. ही मे कम बॅक."

"मे म्हंजे खात्री कमी," आई म्हणाली. "मॅडमनी सांगितलं की."

लेकीनं पर्स उचलली आणि ती जिना उतरून गेली. आई उभीच होती. तिनं मला विचारलं, "वाक्य बरोबर हाय का?"

मी म्हणाले, "बरोबर आहे."

त्या दिवशी वर्ग मी तिथंच थांबवला. बाकीच्या बायका चपला शोधत, एकमेकींकडं न बघता खाली गेल्या. आई मागं राहिली. मी तिला पाणी दिलं. तिनं सांगितलं की हे तिला केव्हापासूनच वाटत होतं. पण घरात तेलुगूत म्हणावं तर सासूच्या कानावर जाणार, बाहेर मराठीत म्हणावं तर शेजारणी कुंकवाकडं बघणार. मनातल्या मनातसुद्धा ती ते म्हणत नव्हती. आज इंग्रजीतले शब्द समोर आले, त्यांत सासू नव्हती की शेजारणी नव्हत्या, म्हणून तोंडातून निघालं. ती रडली नाही.

पुढचे बरेच दिवस दोघीही आल्या नाहीत. आपण भलतंच काही करून बसलो की काय, या विचारानं माझं मन लागेना. मग एका दुपारी वर्ग सुरू व्हायच्या आधी लेक एकटीच आली. पहिल्याच बाकावर बसली आणि म्हणाली, "पप्पा जिवंत हायत, मॅडम."

मला वाटलं ही अजून त्याच दिवसात अडकली आहे. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तो तिनं हळूच काढला आणि सगळं सांगितलं.

आई क्लासमधून घरी गेली ती थेट सासूपुढं बसली. या वेळी तेलुगूत बोलली. ते गेले असणार, आता त्यांचं कार्य करून टाकू, मी हे कुंकू पुसते, असं म्हणाली. सासू ओरडली. आई उठून आरशाकडं गेली आणि पदराचं टोक कपाळाला लावणार, एवढ्यात म्हातारीनं तिचं मनगट धरलं. जिवंत मुलाचं कार्य करू नको, म्हणाली. तो भिवंडीतच होता. तिथं त्याचं दुसरं घर होतं, एक मुलगाही होता. धाकट्या दिराला तो पहिल्याच फेरीत भेटला होता. धाकट्याच्या फोनवर तो म्हातारीशी बोलायचा, सणासुदीला हमखास.

मी खुर्चीवर बसले. त्या घरात एक बाई इतकी वर्षं कपाळाला कुंकू लावून वाट बघत होती आणि शेजारी बसून जेवणारी दुसरी बाई सगळं जाणून होती. रोज 'येणार' म्हणताना तिची जीभ कशी अडखळली नाही?

लेकीनं काकाकडून नंबर घेतला आणि फोन लावला होता. पलीकडून त्यानं आवाज ओळखला नाही. नाव सांगितल्यावर विचारलं, किती शिकलीस? तिनं फोन ठेवून दिला.

आई त्यानंतरच्या आठवड्यात वर्गाला परत आली. गळा मोकळा होता. कुणी काही विचारलं नाही. बायकांना आधीच कळलं होतं. मी ठरवलेला धडा बदलायला निघाले होते, पण तिनंच वही उघडून 'मस्ट हॅव'च्या पुढचं काय ते विचारलं. पुढं 'कुड हॅव' होतं. जे करता आलं असतं आणि केलं नाही, त्यासाठीचं. एकीनं वाक्य केलं, मी नर्स होऊ शकले असते. दुसरीनं केलं, आम्ही माढ्याची जमीन ठेवू शकलो असतो. आई उठली.

"ही कुड हॅव फोन्ड," ती म्हणाली आणि खाली बसली.

तिच्या पहिल्या वाक्यातलं 'डाइड' चुकीचं ठरलं होतं आणि तरी व्याकरणानं ते वाक्य बरोबर होतं, हे मला अजून पचत नाही. व्याकरण बोलणाऱ्याची खात्री सांगतं, गेलेल्या माणसाचं काही सांगत नाही. हे मी शाळेत मुलांना फळ्यावर लिहून देत आले होते.

सासू त्या प्रकारानंतर आपली वळकटी घेऊन धाकट्याकडं राहायला गेली. महिनाभरानं तिकडच्या सुनेशी बिनसलं आणि ती परत दारात उभी राहिली. आईनं तिला आत घेतलं. वाढते, औषधं आणून देते, बोलत मात्र नाही. असं कसं जमतं तुम्हाला, असं मी तिला विचारलं होतं. म्हातारी हाय, कुटं जाईल, एवढंच ती म्हणाली.

लेकीला पुण्यात नोकरी लागली. मुलाखतीत घरच्यांबद्दल विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माय फादर लिव्ज इन भिवंडी." आधी मे किंवा मस्ट असा कुठलाही छोटा शब्द नाही, क्रियापदाला एस लावलेला. परत आल्यावर तिनं ते आईला आणि मला वर्गातच सांगितलं. आईनं विचारलं की साहेबांनी पुढं काही विचारलं का. लेक म्हणाली, नाही, लगेच पगाराचं बोलायला लागले. आईनं मान हलवली आणि पुण्यात राहायची सोय कुठं बघायची, ते ती मला विचारू लागली.