गोपाळरावांची गारगोटी

समोरच्या बिऱ्हाडातल्या गोपाळकृष्ण टेंब्यांना आयुष्यात स्वतःहून सापडलेली वस्तू एकच, एक गारगोटी. बाकी सगळं त्यांच्या थोरल्या भावाने, आप्पासाहेबांनी, आणून दिलं. वीज मंडळातली कारकुनी आप्पासाहेबांच्या शब्दावर, बायको त्यांच्या पसंतीची, आणि नारायण पेठेतला हा फ्लॅटसुद्धा त्यांनीच ठरवलेला, स्वतःच्या फ्लॅटच्या बरोबर वरचा. बायको गेल्यावर दाराची दुसरी किल्लीही खाली गेली. गोपाळराव कशालाच नाही म्हणाले नाहीत. मी शाळेत मुलं सांभाळलेली बाई. जो ओरडत नाही त्याला मत नसतं, असं मला कधी वाटलं नाही. आप्पासाहेबांना मात्र वाटे.

निवृत्तीनंतर गोपाळराव मुलीकडे, उल्काकडे, ऑस्ट्रेलियाला गेले. तिच्या गावाभोवती जुन्या सोन्याच्या खाणी. तिकडची माणसं सुट्टीला रीतसर परवाना काढून, मेटल डिटेक्टर घेऊन माळावर हिंडतात. जावयाने यांच्याही हातात एक यंत्र दिलं, निदान म्हातारा घराबाहेर तरी पडेल म्हणून. हे कानाला हेडफोन लावून, यंत्राची थाळी जमिनीलगत फिरवत रोज चालू लागले. सापडायचं काय, तर गंजके खिळे, डब्यांची झाकणं, घोड्याचा नाल. जावई हसायचा. हे दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर.

एका सकाळी एका वाळक्या ओढ्याच्या काठाला फार बारीक आवाज आला. "डास गुणगुणावा एवढासा," ते मला सांगत. सोबतचे लोक म्हणाले, काही नाही, पुढे चला. गोपाळरावांनी जन्मात पहिल्यांदा कुणाचं ऐकलं नाही. गुडघ्यावर बसून तांबडी माती उकरत राहिले, आणि बटाट्याएवढी पांढरी गारगोटी हाती लागली. तिच्या अंगातून पिवळी शीर गेलेली होती. सोनं.

ती पुण्याला आली आणि टीव्हीवर, जांभळ्या मखमलीच्या तुकड्यावर बसली. सोनं तसं चिमूटभरच होतं. पण येईल त्याला ते भिंग देत, खिडकीशी नेत, शीर कुठून शिरते आणि कुठे बाहेर पडते ते दाखवत. निम्मी माणसं विचारत, यातून अंगठी होईल का? मग ते भिंग काढून घेत. आप्पासाहेबांनी एकदा सुचवलं, आपल्या सोनाराकडून आटवून घेऊ. "नाही," गोपाळराव म्हणाले. मी तिथे होते. हा शब्द त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकला. नंतर मला हळूच म्हणाले, "सरोजिनीबाई, ही फुटली तर मी काही शोधलं होतं याला पुरावा नाही."

गणपती उठले आणि गोपाळराव न्हाणीघरात पडले. मेंदूत रक्तस्राव. डॉक्टर म्हणाले, काही सांगता येत नाही. उल्काला विमान मिळेना. दवाखान्यात आळीपाळीने आम्ही बसलो. आप्पासाहेबही बसले, नाही असं म्हणणार नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी गोपाळरावांचे धुतलेले कपडे न्यायला म्हणून परत आले, तर सुहासिनीवहिनींनी, म्हणजे आप्पासाहेबांच्या पत्नीने, खाली बोलावून चहा दिला. वेलदोड्याचा, छान दाट. दुसऱ्या घोटाला दाताखाली खर्रकन वाजलं. मी बोटाने काढून पाहिलं. पांढरा, टोकदार कण.

"राहिला वाटतं एखादा," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "सकाळी खलबत्त्यात भावजींचा तो दगड कुटला ना."

मला आधी समजलंच नाही. त्यांनी समजावून सांगितलं. माणूस जाताना तोंडात गंगाजळ, तुळशीपत्र आणि सोन्याचा मणी घालायचा असतो. तोंडात घातलेला मणी काही परत येत नाही. मग घरातला दागिना कशाला मोडायचा? भावजींचं सोनं दगडात पडूनच होतं. दगडासकट आटवता येत नाही, फोडून आणा, असं सोनार म्हणाला. आप्पासाहेब ते फोडून घेऊनच गेलेत.

मी मोरीशी जाऊन चूळ भरली, आणि मग ओकले. त्या घरात देवाधर्माला काही कमी नव्हतं. श्वास चालू असलेल्या माणसाचं एकुलतं एक सुख खलबत्त्यात घालून कुटायचं, त्याच खलबत्त्यात वर वेलदोडा कुटायचा आणि त्याचा चहा मलाच पाजायचा! मला त्या दोघांची शिसारी आली, ती आजही गेलेली नाही. मी तसं तोंडावर सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही दमला आहात."

गोपाळराव वाचले. डावा हात लुळा पडला, जीभ थोडी जड झाली, पण महिन्याभरात घरी आले. खुर्चीत बसवलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा टीव्हीकडे पाहिलं. मखमलीवर खळगा तेवढा शिल्लक होता.

आप्पासाहेबांनी घसा खाकरला आणि नेहमीच्याच सुरात सांगितलं, वेळ काही सांगून येत नाही, तयारी असलेली बरी, आणि तुझंच सोनं तुझ्या कामी यावं यात वावगं काय? उलट हुरूप आणून म्हणाले, अगदी चोख निघालं हो. वहिनींनी देव्हाऱ्यातून सोनाराकडचा गुलाबी कागद आणून उलगडला. मुगाच्या दाण्याएवढा मणी होता.

गोपाळरावांनी तो उजव्या हाताच्या चिमटीत धरला. उजेडाकडे करून पाहिला, तसाच, जसा दगड पाहत. त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं. मग त्यांनी तो तोंडात टाकला, डोळे मिटले आणि मान मागे टेकली. थोड्या वेळाने, मणी गालात धरून, जड जिभेने ते म्हणाले, "झालं, आप्पा. आता रडा."

आप्पासाहेब खिडकीबाहेर पाहू लागले. वहिनींनी मात्र लगबगीने आपला तळहात गोपाळरावांच्या हनुवटीखाली धरला. "थुंका भावजी, गिळाल."

त्यांनी मणी थुंकला. वहिनींनी तो नळाखाली धुतला, पदराला पुसला, पुन्हा त्याच गुलाबी कागदात गुंडाळला आणि देव्हाऱ्यात जागच्या जागी ठेवून दिला.