भाटव्यांचा हँडबॉल

माझ्या भाटव्यांइतका न्यायी माणूस गोंदिया जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही, आणि त्यांच्या न्यायापायी जेवढी भांडणं झाली तेवढी कुणाच्या अन्यायापायीही झाली नसतील. भाटवे म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वर्षभर ते गोरेगावजवळच्या आपल्या धानशेतीत राबतात. पण दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरू लागली, की तिच्यासोबत फुटबॉलचे सामने होतात आणि भाटवे गळ्यात शिट्टी अडकवून रेफरी होतात. बाकीचे नियम ते हाताच्या एका झटक्यात निकालात काढतात. जीव अडकलाय तो हँडबॉलमध्ये.

बॉल हाताला लागला, एवढ्यावर शिट्टी फुंकणारा रेफरी त्यांच्या मते निव्वळ कसाई. हात बॉलकडे गेला की बॉल हाताकडे आला, हे आधी ठरवायला हवं. खांदा कुठे संपतो आणि हात कुठे सुरू होतो यावर वाद नको, म्हणून सामन्याआधी ते सगळ्या खेळाडूंना रांगेत उभं करून दंडावर पानाच्या चुन्याची रेघ ओढतात. घाम आला की ती रेघ चुरचुरते, आणि दोन्ही संघ दंड खाजवत खेळतात. ही शहानिशा करायची खोड मैदानाबाहेरही सुटत नाही. एकदा गोरेगावच्या आठवडी बाजारात कुणाचा तरी धक्का लागून टमाटरांचा ढीग कोसळला. भाटव्यांनी विकणारीला तो पुन्हा रचायला लावला, धक्का देणाऱ्याला पुन्हा तसंच चालायला लावलं, ढीग पुन्हा कोसळला, आणि मग ते समाधानानं म्हणाले, "टमाटर हाताकडे आले. माणसाची चुकी नाही." घरी ताईच्या कोपरानं दुधाचं गंज सांडलं, तेव्हाही त्यांनी तिला निर्दोष सोडलं. ताई म्हणाली, "ते ठीक हाये, पन चहा कायचा पिसान?"

त्यांचा सगळ्यात लाडका सिद्धांत मात्र धुऱ्याचा. नियम म्हणतो, हात नैसर्गिक जागी असला तर दोष नाही. आता नैसर्गिक जागा कोणाची कोणती? धानाच्या बांध्यांमधल्या, म्हणजे खाचरांमधल्या, वीतभर रुंद, निसरड्या धुऱ्यांवरून पळत वाढलेला पोरगा तोल सांभाळायला हात पसरूनच पळणार. "जनमापासून धुऱ्यावरून धावून राहिला तो," भाटवे समजावत. "हात नाही पसरन तं का बांधीत पडन?" या युक्तिवादावर त्यांनी खेड्यातल्या किती बचावपटूंना सोडलं असेल, त्याचा हिशेबच नाही. शहरातले संघ दातओठ खात.

शेवटी मंडईच्या कमिटीनं त्यांना बजावलं, की यंदा फायनलमध्ये तमाशा झाला तर पुढल्या वर्षी रेफरी शहरातून येईल. भाटवे एवढंच म्हणाले, "बरं." पण त्या रात्री जेवले नाहीत. ती शिट्टी गेली तर या माणसाचं हिवाळ्यात काय होईल, याची ताईला खरोखरच धास्ती होती.

फायनल नेमकी आमच्या गावाची, म्हणजे भाटव्यांच्या सासुरवाडीची, आणि गोंदिया शहराची. लवकर पिकणारा हलका धान कापून झालेल्या दोन बांध्यांमधला धुरा पाडून मैदान केलेलं. आम्ही एका गोलनं पुढे होतो आणि सामना संपतच आला होता, तेवढ्यात आमच्या गोलसमोर बॉल धसकटावरून उसळला आणि माझा चुलतभाऊ सुरेंद्र याच्या पसरलेल्या हातावर आदळला. शहरवाल्यांचा कप्तान धावत आला. "सर, हाथ पूरा खुला था. सबने देखा है."

भाटव्यांनी सामना थांबवला. सुरेंद्र हल्ली गोंदियात मोबाईलच्या दुकानात असतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी त्याला बाजूच्या, अजून ओल्या बांधीच्या धुऱ्यावर नेलं; मागोमाग दोन्ही संघ आणि अर्धी मंडई. "चाल," भाटवे म्हणाले, "जसा लहानपनी चालत होता तसा." मला त्यांचा चेहरा दिसत होता. हा पोरगा सुटावा, असं त्या माणसाला मनापासून वाटत होतं.

सुरेंद्र दुकानातल्या फरशीवरून चालावं तसा, हात खाली सोडून चालू लागला. गाव ओरडलं, "हात पसर बे!" तोवर तो चिखलात बसला होता.

भाटव्यांनी त्याला हात देऊन वर काढलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, "भुलला रे बाप्पा, पोरगा चालायचं भुलला," आणि पेनल्टीची शिट्टी वाजवली. बरोबरी झाली, टायब्रेकरमध्ये आम्ही हरलो. आमच्या गावानं मैदानात खुर्च्या फेकल्या, तमाशा व्हायचा तो झाला. "माहेरावर पेनल्टी देते का कोनी?" म्हणून ताईनं अबोला धरला, पण भाकरीवर तूप नेहमीपेक्षा जास्तच वाढत होती.

पुढल्या मंडईला शहरातला रेफरी आला. भाटवे माझ्या शेजारी गवतावर बसले होते. एका पोराच्या हाताला बॉल लागला. रेफरीनं तत्क्षणी शिट्टी फुंकली, बोट दाखवलं, फ्रीकिक झाली, खेळ पुढे गेला. कुणी भांडलं नाही. पण मैदानाभोवतीची माणसं मात्र सवयीनं वळून भाटव्यांकडेच पाहत होती. मला फार वाईट वाटलं.

"बरोबर देलं का त्यानं?" मी विचारलं.

"बरोबरच असन," भाटवे म्हणाले. "पन त्या पोराले काही विचारलं नाही."