नमुन्याचं लुगडं

आमच्या यजमानांना फार छान बोलता येतं, असा त्यांचा स्वतःचा समज होता, आणि त्या समजावर आमचं घर चालत होतं. आम्ही केमच्या बाजूची माणसं. घरच्या शेतात सगळ्या भावांना पुरेल इतकं काम नव्हतं, म्हणून ते सोलापूरला आले आणि एका माग-कारखान्यात चिकटले. कारखान्याचे मालक तेलुगू बोलणारे. मागावर बसले की त्यांना जेवणाची आठवण राहायची नाही, पण मराठीत चार वाक्यं बोलायची म्हटली की घाम फुटायचा. त्यामुळे गावोगावच्या कापडवाल्यांना लुगडी दाखवायची, त्यांचं कौतुक करायचं आणि माल खपवायचा, हे काम त्यांनी यजमानांच्या गळ्यात घातलं होतं.

खरं सांगायचं तर यजमान बोलायचे पुष्कळ, पण समोरच्याला बोलू द्यायचे नाहीत. दुकानदारानं एक विचारलं की हे दहा सांगणार. दुकानदार जांभया द्यायला लागला की यांना वाटायचं, आपलं बोलणं त्याला पटतंय. मी लग्न होऊन आले तेव्हा नवी होते, मलाही तसंच वाटायचं. पुढे पुढे मला त्यांच्या चालीवरून कळायला लागलं. माल न खपता परत आले की ते दारात चपला फार हळू काढायचे.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी गिरणीच्या स्वस्त कापडापुढे हातमागाची लुगडी पडून राहायला लागली होती. मालकांनी हिंमत करून एक नवीन लुगडं विणून घेतलं. गडद जांभळा रंग, काठाला पिवळी वेल, पदरावर नकली रेशमाचे चमकणारे पट्टे. मागावरून उतरलेलं ते पहिलंच. ते यजमानांच्या हातात देताना मालकांनी तुटक मराठीत सांगितलं की दिवाळीच्या आत याला गिऱ्हाईक मिळालं नाही तर निम्मे माग बंद करावे लागतील, आणि मग तुम्ही आपल्या गावचा विचार करा. ते घरी आले आणि लुगडं मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसून राहिले. मला गावी परत जायचं नव्हतं. तिथे गेले की सगळ्या जावांच्या हाताखाली मी दिवसभर राबायचे आणि वर टोमणेही खायचे. सोलापुरात दीड खोलीचं का होईना, घर माझं होतं.

दोन दिवसांनी त्यांच्या डोक्यात एक कल्पना आली. घडी घातलेलं लुगडं सगळेच दाखवतात, त्यात काय विशेष? लुगडं बाईच्या अंगावर दिसलं पाहिजे, म्हणजे दुकानदार बघतच राहील. कारखान्याच्या गर्दीत ते जमायचं नाही, म्हणून दुकानदाराला चहाला घरी बोलवायचं. आणि ती बाई म्हणजे मी.

मी सरळ नाही म्हणाले. परक्या पुरुषापुढे मी नटून उभी राहणार, तो मला वरून खाली बघणार, आणि तुम्ही शेजारी बसून सांगणार की बघा काठ कसा आहे. मी काय बाजारातली गाय आहे का, असंही म्हणाले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. ते एवढंच म्हणाले, "मग केमचं तिकीट काढू का?"

मग दोन दिवस तालीम चालली. यजमान भिंतीशी ठेवलेल्या पाण्याच्या घागरीला दुकानदार समजून बोलायचे. "बघा शेट, असला रंग तुमच्या करमाळ्यात न्हाय. धुऊन धुऊन लुगडं फाटंल, पन रंग हलायचा न्हाय." असं म्हणून झालं की मला खूण करायचे. मी आतल्या खोलीतून तबक घेऊन यायचं, ठेवायचं, आणि परत जाताना असं वळायचं की पदर पूर्ण दिसला पाहिजे. मी फार पटकन वळते म्हणून त्यांनी मला कितीतरी वेळा वळायला लावलं. मी एकदा वैतागून म्हणाले की घागरीला पदर आवडला का ते विचारा. त्यांना हसू आलं नाही.

दुकानदार करमाळ्याचे होते, हीच तर अडचण होती. माझं माहेर तिथून जवळ. आठवड्याच्या बाजाराला आई त्याच पेठेत जायची, आणि पंचमीचं लुगडं याच शेटांच्या दुकानातून घ्यायची. मी लहान असताना आईच्या मागे उभी राहून त्यांच्या दुकानातल्या थप्प्या बघितल्या होत्या. हे मी यजमानांना सांगितलं तर ते उलट खूश झाले. म्हणाले, मग तर घरचंच काम झालं.

त्या दिवशी उकाडा भयंकर होता. पाऊस कधीचा संपला होता आणि पत्रे नुसते तापले होते. मी सकाळपासून चुलीपुढे होते, कारण शेटांना नुसता चहा कसा द्यायचा म्हणून शिरा करायचं ठरलं होतं. शेट यायच्या बऱ्याच आधी यजमानांनी मला ते कोरं लुगडं नेसायला लावलं. नेसून, डोक्यावर पदर घेऊन मी परत चुलीपुढे बसले. कोऱ्या कापडाला वारा लागत नाही. घामानं मी निथळत होते.

शेट आले. वयस्कर, पांढऱ्या मिशा, डोक्याला पागोटं. यजमानांनी घागरीपुढे पाठ केलेलं सगळं सुरू केलं, आणि मग खूण केली. मी तबक घेऊन बाहेर गेले. तबक ठेवलं, आणि तालमीत नसलेली एक गोष्ट माझ्या हातून आपोआप झाली. नवं वस्त्र नेसलं की घरातल्या मोठ्या माणसाच्या पाया पडायचं, हे आमच्या हाडात मुरलेलं. समोर माहेरकडचं वडीलधारं माणूस, अंगावर कोरं लुगडं. मी वाकून नमस्कार केला.

शेटांनी सवयीनं आशीर्वाद दिला, कुणाची लेक म्हणून विचारलं. मी वडिलांचं नाव सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला आणि दुसऱ्याच क्षणी पडला. कारण यजमान मध्येच म्हणाले, "शेट, ह्योच त्यो माल. आता जरा पदर बगा." आणि मला म्हणाले, "वळ की."

मी वळले. शेटांनी मान खाली घातली. कापडाचा धंदा करण्यात ज्यांचा जन्म गेला ते शेट माझ्या पदराकडे बघायला तयार नव्हते, ते चटईची काडी बोटानं सोलत बसले. यजमान काठाबद्दल बोलतच होते. मी भिंतीकडे तोंड करून उभी होते आणि आता पुढे फिरायचं की तसंच राहायचं, ते मला कुणी सांगत नव्हतं. त्या वेळी जमिनीनं मला पोटात घेतलं असतं तर मी आनंदानं गेले असते.

शेवटी शेट म्हणाले, "अवो, कापड हाताला लागल्याबगर कसं कळंल? आन् लेकीच्या अंगावरल्या लुगड्याला हात लावू व्हय मी?"

ही साधी गोष्ट आमच्या दोघांच्याही डोक्यात आली नव्हती. कापडवाला कापड डोळ्यांनी घेत नाही, बोटांनी घेतो. यजमान गडबडले आणि मला म्हणाले, जा, सोडून आण.

मी आत गेले, लुगडं सोडलं, अंगाला जुनं गुंडाळलं आणि पडद्याआडून लुगड्याचा बोळा बाहेर दिला. ते माझ्या अंगानं गरम होतं, घामानं ओलसर होतं. पडद्याच्या फटीतून मला दिसत होतं. शेटांनी ते मांडीवर घेतलं, अंगठा आणि बोटात धरून चोळलं, दोन्ही हातांनी ताणलं, उजेडाकडे धरलं, नाकाशी नेलं. त्यांचा काही दोष नव्हता, धंदाच तो. पण मला प्रत्येक हात माझ्या अंगावर जाणवत होता. मी पडदा सोडून दिला आणि पाठमोरी झाले. तेव्हा माझं माझ्या हातांकडे लक्ष गेलं. कोपरापासून मनगटापर्यंत ते जांभळे झाले होते. कंबरेवर, पोटावर, मांड्यांवर, जिथे जिथे घाम होता तिथे रंग उतरला होता. बाहेर यजमान सांगत होते की धुऊन धुऊन लुगडं फाटंल, पन रंग हलायचा न्हाय.

तेवढ्यात शेटांनी एक टोक भिजवून बघायला पाणी मागितलं. यजमानांनी हाक मारली, चहा आण आणि तांब्याही आण. आता काय करू? न जावं तर आणखी बोभाटा. मी जुन्या लुगड्याचा पदर दोन्ही हातांवर मनगटापर्यंत ओढून घेतला आणि खाली मान घालून बाहेर गेले. तांब्या ठेवला. शेटांनी तो घ्यायला वर बघितलं आणि त्यांचा हात तसाच राहिला.

हात मी झाकले होते. पण डोक्यावरच्या पदराचा काठ कपाळावर टेकलेला असतो, तिथेच घाम जास्त येतो, हे मला कसं सुचणार? आमच्याकडे आरसा होता तो यजमानांच्या दाढीपुरता, आणि तो बाहेर खुंटीला. कुंकवाच्या वर माझ्या कपाळावर या कानापासून त्या कानापर्यंत जांभळा पट्टा उठला होता.

शेटांनी टोक भिजवलंच नाही. त्यांनी लुगड्याची घडी घातली, दुकानात घालतात तशी नीट, काठावर काठ ठेवून. मग यजमानांकडे न बघता मला म्हणाले, "लेकी, तोंड धुऊन घे. रंग उतरलाय." त्या आवाजात इतकी माया होती की मला रडू फुटलं. त्यांनी मला दोन शब्द बोलून हाकललं असतं तर मी ताठ उभी राहिले असते.

शेट गेल्यावर यजमानांनी स्वतः पाणी तापवलं, डाळीचं पीठ काढून दिलं. मी घासघास घासलं. कातडी लाल झाली, पण जांभळेपण राहिलंच. कितीतरी दिवस मी नळावर पदर कपाळावर ओढून जायचे. शेजारणींनी विचारलं तर डोकं दुखतंय म्हणायचे.

मालकांनी यजमानांना काढलं नाही, मागही लगेच बंद केले नाहीत. रंग कच्चा निघाला याची त्यांनाच जास्त लाज वाटली. त्यांनी रंगारी बदलला, आणि नेसलेलं लुगडं आता विकायचं कसं म्हणून ते मलाच दिलं. ते मी कधी नेसले नाही, गोधडीला आतून लावून टाकलं. दिवाळीला माहेरी गेले तेव्हा आईनं एक खण पुढे केला. शेटांनी तुझ्यासाठी दिलाय म्हणाली, का ते काही बोलले नाहीत. मी तो खण घेतला, पण आईच्या तोंडाकडे मला बघवेना.

पुढच्या खेपेचा रंग खरोखरच पक्का निघाला, आणि यजमानांना एकदाचं कसं बोलायचं ते सापडलं. आता ते दुकानात गेले की आधी पाणी मागायचे. लुगड्याचं टोक भिजवून स्वतःच्या पांढऱ्या धोतरावर घासायचे, आणि मग गप्प बसायचे. धोतर पांढरंच राहायचं. दुकानदार आपणहून विचारायला लागायचे. माल जायला लागला. मालक सगळ्यांना सांगायचे की असा बोलणारा माणूस सोलापुरात दुसरा नाही. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

एकदा बार्शीकडचे दोन व्यापारी घरी आले होते. मी चहा घेऊन दारापर्यंत गेले, तर बाहेरून हसण्याचा आवाज आला. यजमान धोतरावर टोक घासून झाल्यावर एक किस्सा सांगत होते. कच्च्या रंगाचं कसं असतं बघा शेट, एक बाई असलंच लुगडं नेसून पाव्हण्यापुढं गेली, आणि हितून हितपर्यंत... असं म्हणून त्यांनी बोट आपल्या कपाळावरून या कानापासून त्या कानापर्यंत ओढलं. व्यापारी मांडीवर थाप मारून हसले. ज्या सफाईनं ते सांगत होते त्यावरून कळत होतं की ही पहिली वेळ नव्हती. गावोगावच्या दुकानांतून माझं कपाळ फिरून आलं होतं.

हसणं ओसरल्यावर एकानं विचारलं, "कोन वो ती बाई?"

यजमानांनी दाराकडे बघितलं. मी दिसले त्यांना. मग म्हणाले, "व्हती कुनीतरी, एका मागवाल्याची."

माझी अब्रू झाकायला ते असं म्हणाले असतील. आजही मी मनाला तसंच समजावते. पण त्या वेळी तबक हातात धरून दारात उभी असताना मला तेवढी समजूत नव्हती. मी तबक खाली ठेवलं, पदरानं कपाळ खसखसून पुसलं, पदर बघितला, आणि मग चहा घेऊन बाहेर गेले.