मोटारसायकल आणि माझं वजन

दारव्ह्यात त्या काळी तीन मोटारसायकली होत्या. एक डॉक्टरांची, एक जंगलाच्या ठेकेदारांची आणि तिसरी आमच्या ह्यांची. तिन्ही एकाच दिवशी चालू आहेत असं मी लग्न होऊन आल्यापासून तरी पाहिलं नाही. एकीचा प्लग काळा पडलेला असायचा, दुसरीची चेन तुटलेली असायची, आणि आमच्या गाडीचं नक्की काय बिघडलं आहे याचा शोध चालू असायचा.

हे हायस्कुलात सायन्स शिकवत. उष्णता, घर्षण, वाफेचं इंजिन हे सगळं फळ्यावर असं काढून दाखवत की मुलांना वाटे, मास्तर आता त्या फळ्यावरच बसून यवतमाळला जातील. अशा माणसाने सायकलवर शाळेत जाणं त्यांना स्वतःलाच पटेना. कामठीला लष्कराच्या जुन्या गाड्यांचा लिलाव निघाला, तिथून त्यांनी एक विलायती मोटारसायकल आणली. आणली म्हणजे ट्रकमध्ये घालून आणली. "एवढ्या लांबून चालवत आणून कायले दमवायची?" असं त्यांचं म्हणणं. ही गाडी ब्रह्मदेशच्या लढाईत होती, हेही त्यांनी दारात पाय ठेवल्याठेवल्या सांगितलं. मला त्यात शंका नव्हती. लढाईत ती जखमी झाली होती, एवढंच काय ते त्यांचं सांगायचं राहिलं.

संध्याकाळी तिघे मालक आमच्या ओसरीवर जमत. मी चहा करी आणि आतून ऐकत बसे. ठेकेदार सांगत की आपण कुठेही न थांबता नागपूर गाठलं. त्यांच्या मागून त्यांचाच ट्रक दोरखंड घेऊन चालत होता, हे त्यांचा ड्रायव्हर सगळ्या गावाला सांगे. डॉक्टरांनी तर एकदा कानाला नळी लावून आमच्या इंजिनाची छाती तपासली. इंजिन बंद होतं, त्यामुळे त्यांना काय ऐकू आलं कोण जाणे, पण त्यांनी मान हलवून सांगितलं, "व्हाल्व कमजोर आहे मास्तर, जपा." त्या वेळी त्यांच्या दवाखान्याच्या बाकावर तापाने फणफणलेली माणसं वाट पाहत होती. त्यांना जपायला कोणी सांगितलं नाही.

एका गोष्टीवर मात्र तिघांचं एकमत होतं. दोष गाडीत कधीच नसे. डॉक्टरांच्या मते पेट्रोलात रॉकेल मिसळलेलं असे. ठेकेदारांच्या मते रस्ता नालायक असे. आमच्या ह्यांना इतक्या लांब शोधायला जावंच लागत नसे, त्यांच्या मागे मी बसलेली असे.

आर्णीच्या बाजाराला जाताना गाडी बंद पडली, तेव्हा मी हलले होते. माहेरी जाताना बंद पडली, तेव्हा मी फार ताठ बसले होते. पुढे पुढे सगळी कारणं संपली आणि माझं वजन उरलं. "मागून भार पडते नं, इंजिनाले झेपत नाई," असं हे चारचौघांत सांगू लागले. मी तेव्हा इतकी किरकोळ होते की सासूबाई मला अंगणात उभी पाहून म्हणत, "पोरी, वारा सुटला, घरात ये." तरीसुद्धा माणूस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकत राहिला की त्याला ती खरी वाटू लागते. मी संध्याकाळची अर्धी भाकर कमी केली. कोणाला सांगितलं नाही.

दिवाळीनंतर धाकट्या बहिणीच्या मुलीचं बारसं निघालं. बहिणीचे यजमान जंगलखात्यात गार्ड, त्यांचं घर पार झरीकडच्या जंगलात. मी म्हटलं, बसने पांढरकवड्यापर्यंत जाऊ, पुढे त्यांची बैलगाडी न्यायला येईल. ह्यांना ते अपमानाचं वाटलं. "घरी मोटारसायकल असून बसनं जायचं? लोक काय म्हणतीन?" लोक काय म्हणतात ते मला ठाऊक होतं. ह्यांना नव्हतं.

मी डिंकाचे लाडू केले आणि बाळासाठी एक दुपटं शिवलं. माझ्या जुन्या मऊ लुगड्याचं अस्तर, वरून पिवळं कापड, चारी बाजूंनी हिरवी पट्टी. रोज दुपारी थोडं थोडं शिवत होते. पहाटे निघालो तेव्हा डॉक्टर मुद्दाम निरोप द्यायला आले. त्यांची गाडी दुरुस्तीत होती म्हणून पायी आले.

गाडी पहिल्यांदा बंद पडली ती गावाबाहेरच. माझा पदर उडत होता, त्याने वारा अडतो असं निघालं. मी पदर कमरेला खोचला. यवतमाळ ओलांडल्यावर मागचं चाक पंक्चर झालं, ते लाडवांच्या डब्यामुळे. ट्यूबला ठिगळ लावून होईपर्यंत मी डबा मांडीवर घेऊन बांधावर बसले. कापसाच्या गाड्या एकामागून एक जात होत्या. गाडीवाले आमच्याकडे पाहत आणि बैल हळू करत, म्हणजे नीट पाहता यावं.

पुढे चढ लागला आणि गाडीने मानच टाकली. "तू उतर, आन् मागून लोट," हे म्हणाले. मी लोटू लागले. दोन बांगड्या फुटल्या. तरी ह्यांनी मागे वळून काय म्हणावं? "तू मनापासून नाई लोटून राह्यली."

चढ संपला तिथे रस्त्याला लागून बंजाऱ्यांचा तांडा होता. बाया पाणी भरून येत होत्या, त्या थांबल्या. ह्यांनी गाडी झाडाखाली लावली, हत्यारं काढली आणि इंजिन खोलायला बसले. एकेक सुटा भाग हातात घेत आणि मातीकडे पाहत. मग माझ्याकडे न पाहताच हात पुढे करून म्हणाले, "एखादं फडकं दे."

मी पिशवीत शोधते आहे तोवर त्यांनीच हात घातला आणि जे लागलं ते ओढून काढलं. ते दुपटं होतं. मी "अहो, ते..." म्हणेपर्यंत त्यांनी ते जमिनीवर अंथरलं, त्यावर तेलाने माखलेले भाग ओळीने मांडले आणि एका कोपऱ्याने मॅग्नेटो, म्हणजे ठिणगी पाडणारा तो भाग, पुसला. पिवळ्या कापडावर काळा पंजा उमटला.

मी ओरडले नाही. तिथून उठून तांड्यातल्या बायांकडे गेले. एका म्हातारीने मला बाज दिली, पाणी दिलं. थोड्या वेळाने तिने विचारलं, "बाई, हे गाडं कायच्यानं चालते?"

"पेट्रोलनं."

"मंग आज काहून नाई चालून राह्यलं?"

"माह्या वजनानं," मी म्हटलं.

म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आपल्या बोलीत काहीतरी म्हणाली. सगळ्या बाया हसत सुटल्या. तिच्या सुनेने मला समजावून सांगितलं. ती सासूला याडी म्हणत होती, याडी म्हणजे आई. "याडी म्हणते, एवढी तर आमची शेळी हाय. दूध काढून घेतल्यावरची."

मीही हसले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते कशाचं होतं ते मलाच कळेना. तोवर म्हातारीचा नवरा काठी टेकत ह्यांच्याजवळ जाऊन उभा राहिला होता. तो मोठ्याने म्हणाला, "आमच्या बापजाद्यानं बैलाच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथा घातला मास्तर. बैल बसला तं त्याले चारा देयेत. बायकोले नाई बोलत."

हे स्क्रू आवळत राहिले.

इतक्यात चढाखालून बसचा आवाज आला. मी उठले, लाडवांचा डबा आणि पिशवी उचलली, रस्त्यावर जाऊन हात केला. बस थांबली. कंडक्टरने विचारलं, "एकट्याच का बाई?" मी म्हटलं, "एकटीच." हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःबद्दल उच्चारला होता. ह्यांनी मान वर करून पाहिलं, हातात पाना तसाच. "अवं, कुठं चालली?" मी खिडकीतून म्हटलं, "भार कमी करून राह्यली."

खिडकीची जागा मिळाली. वाऱ्याने पदर उडत होता आणि त्यामुळे बसचं काहीही अडत नव्हतं. मला फार बरं वाटत होतं. थोड्या वेळाने मागून फटफट ऐकू आली. मोटारसायकल! तीही बसच्या पुढे निघून जाणारी! ह्यांनी माझ्या खिडकीकडे पाहून हात हलवला, आणि चेहऱ्यावर बोर्डाच्या परीक्षेचा निकाल शंभर टक्के लागल्यासारखं हसू. शेजारचा माणूस म्हणाला, "काय पळून राह्यली गाडी, बाप्पा!"

माझा चेहरा उतरला. म्हणजे खरंच माझ्याच वजनाचा प्रश्न होता? मी उतरले आणि गाडी पळाली. इतके दिवस हे सांगत होते ते बरोबर होतं आणि मी उगाच रुसले? पांढरकवडा येईपर्यंत हा विचार मला पुरला असता, पण एका वळणानंतर ड्रायव्हरने बस हळू केली. कडुनिंबाखाली मोटारसायकल उभी होती आणि तिच्यापाशी आमचे हे. सदऱ्याची पुढची बाजू काळी, कपाळावर काळा पट्टा.

"येता का भाऊ?" ड्रायव्हरने विचारलं.

"नाई नाई. इंजिन थंड करून राह्यलो."

सगळी बस त्यांच्याकडे पाहत होती. मी खिडकीतून वाकून विचारलं, "आता कायच्यानं?"

ह्यांनी रस्त्याकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं, शेवटी म्हणाले, "वारा समोरून हाय."

बसमध्ये कोणीतरी फिसकन हसलं. मला आनंद झाला, तो नाकारत नाही. चांगला घसघशीत आनंद झाला. पण त्यांच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं हेही मला ठाऊक होतं. मी भाकर आणि चटणीचं पुडकं खिडकीतून त्यांच्या काळ्या हातात दिलं. उतरले मात्र नाही. ते पुडकं धरून उभे राहिले आणि बस निघाली.

पांढरकवड्याहून त्या बाजूला निघालेल्या एका बैलगाडीत बसून संध्याकाळी मी बहिणीकडे पोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी बारसं झालं, बाळाला दुसऱ्याच कोणीतरी आणलेल्या दुपट्यात गुंडाळलं. दुपारची जेवणं उरकली तेव्हा पांढरकवड्याच्या बाजारात कापूस रिकामा करून परतणारी एक बैलगाडी दारात आली. गाडीत मोटारसायकल आडवी बांधलेली आणि तिच्या हँडलवर हात ठेवून आमचे हे बसलेले, जणू तेच ती चालवत आहेत.

बहिणीने हातपाय धुवायला पाणी दिलं. तिचे यजमान भला माणूस. त्यांनी सरळ मनाने विचारलं, "काय झालं मास्तर? ताई तं म्हणत होत्या, मागचं वजन कमी झालं की गाडी पळते."

ह्यांनी तांब्या खाली ठेवला आणि वर्गात समजावतात तसं बोट वर केलं. "तेच तं झालं. मागं वजनच नव्हतं. मागचं चाक रस्ता धरत नव्हतं."

आधी बहीण हसायला लागली, बाळंतिणीने इतकं हसू नये म्हणून बारशाला आलेली आमची आई तिला दटावू लागली, आणि आई स्वतःच हसू लागली. मी हसले नाही. मी म्हटलं, "मले एकदा नीट सांगा. मी बसू का उतरू?" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत त्या दिवशी पहिल्यांदा मला थोडी शरम दिसली. मग ते जेवायला बसले आणि चार भाकरी खाल्ल्या.

परत येताना मी बसनेच आले. ह्यांच्याकडचं दुपटं घरी आणून धुतलं, उकळलं, पण पंजा गेला नाही. त्याची नंतर मी चुलीजवळची फडकी केली. संध्याकाळची पूर्ण भाकर खाऊ लागले.

पुढल्या वर्षी ब्लॉकमध्ये, म्हणजे सरकारच्या विकास गटात, ग्रामसेविकेची जागा निघाली. मी जायचं म्हटलं तेव्हा ह्यांनी विचारलं, "दौरे असतीन. झेपन का तुले?" मी म्हटलं, "बसनं झेपते." त्यांनी नाही म्हटलं नाही. खरं तर त्या दिवसापासून ते मला कशालाच नाही म्हणेनासे झाले होते. मोटारसायकलवर चला असंही म्हणेनासे झाले, आणि हेच मला जास्त मोलाचं वाटे. मी गावोगाव फिरले, कधी बसने, कधी बैलगाडीत, पाऊस फार झाला तर चिखलातून चालत. उशीर झाला तर झाला, पण त्याचं खापर कोणी माझ्यावर फोडलं नाही.

डॉक्टरांनी या मधल्या काळात लग्न केलं. मुलगी अमरावतीची, शिकलेली. एकदा आर्णीकडून ब्लॉकच्या जीपने परतत असताना रस्त्याच्या कडेला ती उभी दिसली. नवी साडी, हातात तिच्या चपला, घामाने कुंकू ओघळलेलं. शेजारी डॉक्टर मोटारसायकलपाशी उकिडवे बसलेले. मी जीप थांबवली.

"काही नाही वहिनी, एवढ्यात सुरू होते," डॉक्टर म्हणाले. "हिनं निघताना दोनदा मागं वळून घराकडं पाह्यलं. मी तेव्हाच म्हटलं होतं."

तिने चपला एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या.

जीपमध्ये ड्रायव्हर आणि मी, दोघंच होतो. मागची सगळी जागा रिकामी होती. "एकाचीच जागा हाय डॉक्टरसाहेब," मी म्हटलं आणि तिला हात दिला. ती चढली. ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं, पण गाडी सुरू केली. तिने डोळे पुसले, मी पाहिलं न पाहिलंसं केलं. थोड्या वेळाने ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली, आणि दारव्हा येईपर्यंत मी खांदा हलवला नाही.