खाऱ्या टाकीतल्या कणकेच्या गोळ्या

जळगावात खाऱ्या पाण्याची माशांची टाकी ठेवणारा माणूस एक तर श्रीमंत असतो, नाही तर बिनडोक. मी तंत्रनिकेतनात शिकवतो, तेव्हा श्रीमंतीचा प्रश्नच नाही. मे महिन्यात जिथे नळाखाली हात धरला तर चटका बसतो, त्या गावात मी हॉलमध्ये चार फुटी काचेत समुद्र भरून ठेवला होता. दगड मुंबईहून, मीठ पुण्याहून, मासे कुठून कुठून. केळीच्या गावात राहून माणसाने केळीच खावीत, हे मला कोणी वेळेवर सांगितलं नाही.

टाकी मी चांगला होतो तेव्हा घेतली. मग मला डिप्रेशन आलं. आमच्या नातेवाइकांत त्याला टेन्शन म्हणतात, आणि टेन्शन घेऊ नको हे त्यावरचं औषध. ते फुकट असल्यामुळे सगळे सढळ हाताने देतात. असोद्याचे एक मामा मोटारसायकलवर खास भेटायला आले, दोन जिने चढून धापा टाकत सोफ्यावर बसले आणि मला म्हणाले की रोज पहाटे पळायला जात जा. जाताना टाकीकडे बघून त्यांनी विचारलं, हे खाता येतात का. येणारा प्रत्येक जण हेच विचारायचा. माझ्या दुखण्याबद्दल कोणाला काही विचारायचं नव्हतं, पण माशांच्या चवीबद्दल सगळ्यांना फार उत्सुकता होती.

मानसोपचारतज्ज्ञाने गोळ्या दिल्या होत्या, मी रजा टाकली होती. दाढी सुटली, फोन सुटला, आंघोळसुद्धा सुटली. सुटली नाही ती टाकी. इकडच्या उन्हाने पाणी रोज आटतं, पण मीठ आटत नाही, ते टाकीतच राहतं. म्हणून रोज काचेवरच्या खुणेपर्यंत फिल्टरचं गोडं पाणी घालावं लागतं. नाही घातलं तर खार वाढत जातो आणि मासे मरतात. तेवढ्यासाठी मी अंथरुणातून उठत असे. उठण्याजोगं दुसरं काही मला दिसत नव्हतं, आणि उद्या हेही दिसेनासं झालं तर काय, याची मला खरोखर भीती वाटायची.

टाकीत क्लाउनफिशची जोडी होती, पिवळे दोन मासे होते आणि एक निळा डॅमसेल. डॅमसेल बोटाच्या पेराएवढा, पण भांडकुदळ. दिवसभर बाकीच्यांच्या शेपट्या चावत फिरायचा. नवीन टाकीत पहिला मासा म्हणून टाकला होता, मग पकडताच आला नाही. त्याच्याबद्दल मला काडीचं प्रेम नव्हतं. पलीकडे दीपनगरला वीज तयार होते आणि इकडे भर दुपारी आमची लाइट जाते, तेव्हा मी पुठ्ठ्याने टाकीला वारा घालायचो. तेव्हाही हा काचेवर येऊन माझ्या बोटांवर धडका मारायचा. आमच्या खानदानात शोभला असता.

अशात धुळ्याहून अक्का आली. अक्का माझ्या वडिलांची थोरली बहीण. आईवडील गेल्यावर तिने माझ्यावर हक्क सांगायचं सोडलं नाही. ती आली ती पिशवीत दादर ज्वारीचं पीठ, कांद्याची चटणी आणि एका ज्योतिषाचा सल्ला घेऊन. पहिल्या दोन वस्तू तिने लगेच दाखवल्या. तिसरीबद्दल अवाक्षर काढलं नाही.

रोज सकाळी ती माझ्या उशाशी ताटली घेऊन यायची. ताटलीत कणकेच्या बारीक गोळ्या. हात लाव, एवढंच म्हणायची. मी डोळे न उघडता हात लावायचो. गायीला घालत असेल, असं मी धरून चाललो. आमच्याकडे आजारी माणसाचा हात लावून गायीला कणीक घालतात. या सगळ्या प्रकाराला मी मनातल्या मनात हसायचो. वाद घालायला जेवढी ताकद लागते तेवढी नव्हती, म्हणून हात लावायचो आणि कुशीवर वळायचो. औषधाच्या गोळ्यांच्या गुंगीत मला उठायला आता दुपार व्हायची. उठलो की खुणेपर्यंत पाणी घालायचो, टाकीकडे नीट न बघता, आणि परत आडवा व्हायचो.

एका दुपारी नाकाने उठवलं. हॉलमध्ये गटार फुटल्यासारखा वास होता. टाकीतलं पाणी तांदूळ धुतल्यासारखं गढूळ, क्लाउनफिश वर तोंड काढून धापा टाकताहेत. मला वाटलं पंप बंद पडला. पंप चालू होता. हात घालून मागचा दगड उचलला, तर खाली कणकेचा ढीग, फुगलेला, वर पांढरी बुरशी.

अक्का मागे उभी होती. लपवायचं काही आहे असं तिला वाटतच नव्हतं.

"त्या मीच टाक्यात," ती म्हणाली. "तुनासाठे. मासा खातस आन तुनं दुखणं लई जातस."

तर असा होता सल्ला. रोग्याचा हात लावलेली कणीक माशांना घालायची, मासे ती खातात आणि दुखणं घेऊन जातात. धुळ्यात ती पांझरा नदीवर गेली असती, पण उन्हाळ्यात पांझरेत पाय बुडेल एवढं पाणी असेल तर शपथ. इथे तर मासे घरातच होते. तिला ती देवाची सोय वाटली. शनी कुठल्या घरात बसलाय हे त्या ज्योतिषाला कळतं, मासे कुठल्या पाण्यात बसलेत हे विचारायची त्याला गरज वाटली नाही. गोड्या पाण्यातले मासे कणीक खातात. हे मासे खात नव्हते. कणीक दगडामागे सडत होती आणि पाण्यात विष कालवत होती.

मी तिला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ज्योतिषाला बोललो, धुळ्याला बोललो, अख्ख्या खानदेशाला बोललो. तू यांना मारलंस, असं म्हणालो. बोलता बोलता एक गोष्ट लक्षात आली आणि माझी जीभ जागीच थांबली. त्या प्रत्येक गोळीला माझा हात लागलेला होता. मी एकदा डोळे उघडून ही कोणाला घालतेस एवढं विचारलं असतं तर भागलं असतं. पण सगळ्या जगाला मूर्ख समजणाऱ्या माणसाला प्रश्न विचारायची सवय नसते.

मग आम्ही पाणी बदललं. नवं पाणी मीठ घालून मुरवावं लागतं, तेवढा वेळ नव्हता. घरात होतं तेवढं मीठ बादल्यांत ढवळलं. अक्का पदर खोचून बादल्या भरत होती, जड बादली उचलताना गुडघ्यावर हात टेकत होती. मी बस म्हणालो नाही. संध्याकाळपर्यंत जोडी गेली, पिवळे गेले. तिने ते वर्तमानपत्रात गुंडाळले, गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीत पुरले आणि हात जोडले. मला तेही हास्यास्पद वाटलं.

उरला डॅमसेल. ज्याने सगळ्यांचं जगणं हराम केलं होतं तो उरला. पण तोही दगडाच्या फटीत घुसून बसला आणि खाईना. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही नाही. मी गोठवलेल्या कोळंबीचा कण चिमट्यात धरून त्याच्यासमोर स्टुलावर बसायचो. फटीपाशी न्यायचो, हलवायचो, पुन्हा न्यायचो. खा रे, म्हणायचो. मग शिव्या द्यायचो, मग परत खा रे. हा गेला की सकाळी उठायचं कशाला, हा हिशोब मी केलेला होता आणि त्याचं उत्तर मला आवडलेलं नव्हतं. त्या दिवसांत माझ्याही पोटात चहाशिवाय काही जात नव्हतं.

मान वळवली तर अक्का मागच्या खुर्चीवर बसलेली. हातात ताट, ताटात भाकरी, चटणी. किती वेळ बसली होती कोण जाणे. ती माझ्याकडे जशी बघत होती तसाच मी त्या फटीकडे बघत होतो. मला तिचा राग आला आणि स्वतःची मनापासून लाज वाटली.

"त्यानी खादं, ते मंग तू बी खाशी का?" तिने विचारलं.

हो म्हणायला माझं काय जात होतं. तो खाणार नाही याची मला खात्री होती. मी हो म्हटलं आणि चिमटा पुन्हा पुढे केला.

तो नालायक बाहेर आला. चिमट्याला दोन धडका मारल्या, माझ्याकडे बघितलं असावं, आणि कण ओढून घेऊन गिळला. तीन दिवसांत याला भूक लागली नव्हती, नेमकी आत्ता लागली.

अक्काने भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि माझ्या तोंडासमोर धरला. तिच्या नखांत पीठ होतं, या वेळी भाकरीचं. मी तोंड उघडलं.